लाकडी गुडघा आणि पॉप्लिटियस : चैत्राच्या मंडपासाठी केलेल्या मॉडेलच्या नोंदी

2 फेब्रुवारी 2025

काम काय ते आधी लिहितो, म्हणजे हे आपल्या उपयोगाचं आहे का ते वाचणाऱ्याला लगेच कळेल.

चैत्रात खानदेशातून माणसं सप्तशृंगी गडाला पायी निघतात. धुळ्याच्या पुढे, मुंबई-आग्रा रस्त्याला आर्वीच्या अलीकडे, आमच्या ओळखीचं मंडळ मंडप टाकतं. चहा, सरबत, पायाला तेल. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, ती तिथे सेवेला बसते. तिचं म्हणणं असं, की जाणाऱ्यांचे पायाचे फोड आणि पोटऱ्या. परतीला टेम्पोतून उतरणारे मात्र गुडघ्याच्या मागे, बाहेरच्या अंगाला हात लावून उतरतात. गड चढताना काही नसतं, घाट उतरून नांदुरीला येईपर्यंत ठणका सुरू होतो. बऱ्याच वेळा त्यामागे तिथला एक छोटा स्नायू असतो, पॉप्लिटियस. आणि तेल लावणारे सेवेकरी मोठ्या भक्तीने त्याच लवणीत, म्हणजे गुडघ्यामागच्या खळग्यात, अंगठा रुतवतात. पायाची मोठी रक्तवाहिनी आणि मोठी नस तिथूनच जाते.

"मामा, तोंडाने सांगून कुणी ऐकत नाही. हलणारं काहीतरी बनवून द्या."

माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात गेली. हलणाऱ्या वस्तूला मी नाही म्हणत नाही.

4 फेब्रुवारी

विकत मिळणारं प्लास्टिकचं मॉडेल तिच्या दवाखान्यात पाहिलं. हाडं सुबक, पण मधून एकच बोल्ट आरपार, त्यामुळे नुसतं वाकतं. तिला हवी आहे ती गोष्ट त्यात नाही.

ती गोष्ट अशी. गुडघा सरळ होत येतो तेव्हा शेवटच्या तीसेक अंशांत तो सरळ होता होता स्वतःभोवती थोडा पिळतोही. पाय जमिनीवर टेकलेला असेल तर मांडीचं हाड आत वळतं आणि सांधा घट्ट बसतो. म्हणून आपण मांडीचे स्नायू फारसे न ताणता तासभर रांगेत उभे राहू शकतो. पुन्हा वाकायचं म्हटलं की आधी तो पीळ उलटा सोडावा लागतो, आणि ती सुरुवात पॉप्लिटियस करतो. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूने निघतो, तिरका खाली येतो आणि नडगीच्या मागे, आतल्या अंगाला पसरून चिकटतो. चपटा, तिकोनी, पोटरीच्या मोठ्या स्नायूंखाली दडलेला. बाहेरून चाचपडून तो नीट हाताला लागतही नाही.

दुप्पट मापाचं करायचं ठरलं. उजवा गुडघा.

9 फेब्रुवारी

आंब्याची फळी आणली, 400 रुपये. आप्पा मिस्त्रींनी पटाशीने दोन्ही गोळे कोरले (मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आत आणि बाहेर असे दोन गोळे असतात). दिसायला झकास. पण फळी ओली निघाली, चार दिवसांत एका गोळ्याला तडा गेला. फळी बाद.

कुणी करणार असेल तर कोरीव कामाच्या नादी लागू नका. 18 मिलिमीटर प्लायचे तीन थर चिकटवून एक गोळा करा. आकार आधी कागदावर काढून तिन्ही थर एकदम शिकंजात धरून कानसायचे. दोन गोळे आणि मधली फट धरून रुंदी बरोबर दुप्पट मापाची येते.

12 फेब्रुवारी

भाचीच्या सांगण्यावरून मटणाच्या दुकानातून बोकडाचा गुडघा आणून उघडून पाहिला. गादी (दोन हाडांमधली कूर्चेची चकती), हाडं बांधणाऱ्या दोऱ्या, सगळं दिसलं. पिळाच्या बाबतीत मात्र उपयोग शून्य, कारण बोकड उभं असतं तेव्हाही त्याचा गुडघा वाकलेलाच असतो. घरातून बोलणी खाल्ली ती वेगळी.

16 फेब्रुवारी

प्लायचे दोन्ही गोळे तयार. खाली नडगीचा सपाट माथा. मध्ये बिजागरी न घालता एकमेकींवर फुली मारणाऱ्या दोन दोऱ्या, म्हणजे दोन्ही हाडांना आतून बांधणारे क्रूशिएट लिगामेंट. बाजूंना निवार पट्टी.

वाकतो, सरळ होतो. पिळत नाही.

कारण साधं होतं. दोन्ही गोळे मी एकाच कागदावरून कापले होते. माणसाच्या गुडघ्यात आतल्या गोळ्याचा घासणारा पृष्ठभाग बाहेरच्यापेक्षा लांब असतो. सरळ होताना बाहेरच्याचा रस्ता आधी संपतो आणि आतल्याचा उरलेला असतो. बैलगाडी जागेवर वळवताना एका अंगाचा बैल थांबवून दुसऱ्याला चालवतो, तसं. बाहेरचा थांबला, आतला मागे सरकत राहिला की हाड आपोआप आत वळतं. आतला गोळा नवीन, लांब कापला. बाहेरच्याला अडवायला नडगीच्या माथ्यावर पुढच्या बाजूला एक बारीक उंचवटा चिकटवला.

20 फेब्रुवारी

पिळतो! पण कधी पिळतो, कधी नाही. नायलॉनच्या दोऱ्या ताणतात, त्यामुळे गोळा घसरून पुढे येतो. दोऱ्या काढून सायकलच्या ब्रेकची आतली तार घातली, टोकाला स्क्रूवाला छोटा नट. आता नट थोडा थोडा फिरवून ताण जमवता येतो. ही सोय सुरुवातीपासून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी सांधा उकलावा लागतो.

गोळ्यांखाली सनमायकाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मेण चोळलं. नुसतं प्लाय प्लायवर अडकतं.

22 फेब्रुवारी

आता पीळ जास्त झाला. कोनमापक लावला तर 25 अंशांच्या वर. भाची म्हणाली, पुस्तकात दहा ते पंधरा सांगतात, पण मंडपात लांबून दिसायला हवं तर पंधराच्या थोडं वर चालेल. उंचवटा कानसून खाली आणला. कानस जपून चालवा, एक मिलिमीटरला खूप फरक पडतो.

1 मार्च

स्नायू बसवला. सायकलच्या ट्यूबची पट्टी, वरून खाली सरळ, लवणीच्या मधोमध. ओढली की गुडघा वाकतो, पण आधी सुटत नाही. सरळ असताना तर हलतच नाही, पट्टी नुसती ताणून पांढरी पडते.

3 मार्च

भाची आली. पाहिलं आणि हसली. "मामा, तिरका. तिरकेपणातच सगळं काम आहे."

पट्टीचं वरचं टोक बाहेरच्या गोळ्याच्या बाजूला स्क्रूने धरलं, पट्टी मागून वळवून खाली आतल्या अंगाला नेली. मॉडेलकडे मागून पाहिलं तर वर उजवीकडे, खाली डावीकडे. नडगी शिकंजात आवळली आणि पट्टी बोटाने ओढली. मांडीचं हाड किंचित बाहेर वळलं, तारा सैल झाल्या आणि मग वरच्या वजनाने गुडघा आपसूक वाकला. आप्पा मिस्त्री हातातला चहा ठेवून बघत राहिले. मग त्यांनी स्वतः ओढून पाहिलं. पुन्हा पुन्हा ओढलं.

उलट करूनही बघा. मांडी शिकंजात धरली आणि नडगी लोंबती ठेवली तर तीच पट्टी नडगीला आत वळवते. पाय जमिनीवर असेल तर वरचं हाड बाहेर, पाय हवेत असेल तर खालचं हाड आत. दोन्हीत पीळ एकच.

7 मार्च

नवीन अडचण. बाहेरच्या बाजूची गादी गोळ्याखाली चिरडते. गादी म्हणजे जुन्या स्लीपरच्या तळाचा कापलेला अर्धगोल. गुडघा वाकताना गोळा मागे सरकतो आणि गादीची मागची कड त्याखाली दबते. वाकवत राहिलो तेवढ्यात कडेचा तुकडा पडला.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, बाहेरच्या गादीलाही तो स्नायू धरून असतो, वाकताना तिला मागे ओढून घेतो. पट्टीपासून गादीपर्यंत एक जाड दोरा शिवला. आता पट्टी ओढली की गादी गोळ्याच्या आधी अर्धा इंच मागे सरकते. चिरडणं बंद. हे मी कुठल्या चित्रातून समजून घेतलं नसतं. स्लीपरचा तुकडा तुटला म्हणून कळलं.

13 मार्च

होळी. काम बंद.

16 मार्च

फ्लेक्स बोर्ड आला, 350 रुपये. भाचीच्या पुस्तकात या स्नायूचं काम एका वाक्यात दिलंय: तो गुडघा "अनलॉक" करतो. मी वर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, "गुडघा अनलॉक करणारा स्नायू".

मंडपात नेण्याआधी चाचणी म्हणून एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर मॉडेल आणि बोर्ड ठेवला. पहिली आजी आली ती थेट पाय पुढे करून बसली. "मना गुडघा लॉक व्हई जास. आठे उघडी देशी का?" म्हणजे माझा गुडघा लॉक होतो, इथे उघडून देशील का? तिच्या मागे एक पोरगा, त्याने विचारलं मोबाईलचं पण करता का. टपरीवाला म्हणाला, अनलॉक म्हटलं की मला 2020 आठवतं, दुकान अर्धं उघडं आणि पोलीस चौकात.

मॉडेलकडे कुणी पाहिलंच नाही. सगळे बोर्डावर बोलत होते.

17 मार्च

भाचीने सांगितलेली गोष्ट तर याहून अवघड निघाली. दवाखान्यात गुडघा "लॉक झाला" म्हणजे वाईट बातमी. बहुतेक वेळा फाटलेल्या गादीचा तुकडा सांध्यात अडकतो, आणि गुडघा पूर्ण सरळ होतच नाही. शरीररचनेच्या पुस्तकात लॉक झालेला गुडघा म्हणजे पूर्ण सरळ, पक्का, निरोगी गुडघा. आजीचा लॉक वाकलेला आणि पुस्तकातला लॉक सरळ. पॉप्लिटियस दुसरा लॉक उघडतो. आजीच्या लॉकला डॉक्टर लागतो. बोर्ड तसाच ठेवला असता तर अडकलेल्या गुडघ्याच्या माणसाने मंडपात तो चोळून घेतला असता.

19 मार्च

हा शब्द एवढा भटकतो कसा, म्हणून रात्री शब्दकोश काढला. गेल्या वर्षी अमळनेरला साहित्य संमेलन भरलं तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यावरून घेतलेला, तेव्हापासून कपाटावर धूळ खात होता. काम थांबवून हे कशाला, असं घरातून विचारणं झालं. बोर्ड पुन्हा छापायचा तर पुन्हा पैसे जाणार होते, म्हणून.

जुन्या इंग्रजीत "लूकन" म्हणजे बंद करणं आणि "उनलूकन" म्हणजे उघडणं. आधी दार आणि पेटी. पुढे थैली, मन, गुपित. शेक्सपिअरच्या "मर्चंट ऑफ व्हेनिस"मध्ये अँटोनिओ मित्राला सांगतो की माझी थैली, मी स्वतः आणि माझ्याजवळचं सगळं तुझ्यासाठी अनलॉक आहे. तिथवर समजण्यासारखं आहे, काहीतरी बंद होतं ते उघडलं.

पुढचं शब्दकोशाशिवायही कळतं. मोबाईल आल्यावर सिमचं लॉक काढणं आलं. पोरांच्या गेममध्ये लेव्हल अनलॉक होते तेव्हा बंद काही उघडत नाही, जे आपल्याकडे नव्हतं ते मिळतं. आणि 2020 मध्ये केंद्राने 30 मेला आदेश काढला, 1 जूनपासून अनलॉक एक, मग दोन, मग तीन. आपल्या राज्याने त्याला मिशन बिगिन अगेन म्हटलं. ते अनलॉक हप्त्याहप्त्याने होतं आणि परत बंदही होत होतं.

म्हणजे टपरीवरच्या तिघांपैकी कुणीही चूक नव्हतं. आजीचा अर्थ दवाखान्यातला, पोराचा मोबाईलचा, टपरीवाल्याचा सरकारी. पुस्तकातला अर्थ तेवढा तिथे कुणाकडेच नव्हता.

20 मार्च

बोर्डावर अनलॉक नको. कुलूप, किल्ली, उघडणं, काहीच नको. जे दिसतं तेवढंच लिहायचं. आधी मी "उतरणीवर गुडघा आधी वळतो, मग वाकतो" असं लिहिलं. आप्पांनी ते अहिराणीत म्हणून दाखवलं: "गुडघा पहिले वळस, मंग वाकस." तेच घेतलं. खाली छोट्या अक्षरांत भाचीच्या तीन सूचना:

लवणीत अंगठा रुतवून दाबू नका.
उतरताना पावलं छोटी टाका, गुडघा ताठ ठेवून टाच आपटू नका.
गुडघा सरळच होत नसेल किंवा पोटरी सुजली असेल तर तेल नको, डॉक्टर.

दुसरा फ्लेक्स, पुन्हा 350.

27 मार्च

दुपारी मॉडेल पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. संध्याकाळी पाहिलं तर ट्यूबची पट्टी चिकट होऊन लांबली होती, ओढली की परत येईना. इथलं ऊन चैत्र लागायच्या आधीच रबर खातं. स्प्रिंग लावून पाहिली, ती एकदम झटका देते आणि पीळ दिसायच्या आत गुडघा वाकून मोकळा होतो. शेवटी भाचीने व्यायामाची लाल रबरी पट्टी दिली. हळू ओढली जाते, हळू परत येते. दोन जादा तुकडे कापून पिशवीत ठेवले.

30 मार्च

गुढीपाडवा. मांडीचं हाड वर धरायला दांडा आणि खाली जड पाट लावला. मंडपात शिकंजा कुठला. पाटाला चार बोल्ट, एक इंच जास्त लांब घ्या म्हणजे ऊबडखाबड जमिनीवर समतोल करता येतो.

5 एप्रिल

मंडप. भगवे झेंडे, डीजेची गाडी, मागे लोक. मॉडेलपेक्षाही जास्त चाललं ते भाचीने आयत्या वेळी केलेलं. स्टुलावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर एक कुंकवाचा ठिपका आणि नडगीच्या वर जो उंचवटा हाताला लागतो त्याच्यावर दुसरा. पाय लोंबता ठेवून हळू सरळ करायला लावायचा. सरळ होत आला की शेवटी खालचा ठिपका थोडा बाहेर सरकतो. वाकवला की परत येतो. ज्याचा पाय त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. लोक एकमेकांचे पाय पुढे ओढून ठिपके लावून घेत होते. मग मॉडेलवर पट्टी ओढून दाखवली की हे कशामुळे होतं ते लगेच समजायचं.

कुंकू घामाने पसरतं. बॉलपेन बरा.

एका पारोळ्याच्या गृहस्थांनी खरा प्रश्न विचारला: चढताना का दुखत नाही? भाचीने मॉडेल पुढे झुकवून दाखवलं. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर अंगाचा भार येतो आणि मांडीचं हाड नडगीवरून पुढे घसरू पाहतं. मागची तार त्याला धरते, आणि तिच्या जोडीला हा छोटा स्नायू. उतार संपेपर्यंत प्रत्येक पावलाला. चढताना ते घसरणं त्या मानाने कमी.

6 एप्रिल

मालिश करणाऱ्या पोरांना मंडळाच्या काकांनी बोर्डासमोर उभं करून वाचायला लावलं. दुपारनंतर पोटरीवर तेल, लवणीत अंगठा नाही. रात्री पुन्हा एक दोघे विसरले, भाचीने हात धरून काढला.

एक बाई आल्या, त्यांचा गुडघा खरंच अडकलेला होता, वीसेक अंशांपुढे सरळ होईना. भाचीने त्यांना तेल लावू दिलं नाही. मंडळाच्या गाडीने धुळ्याला पाठवलं.

13 एप्रिल

पौर्णिमा काल झाली. परतीचे लोक आले. मॉडेल घरी आणलं. निवार पट्टी एका बाजूने फाटली, बाहेरच्या गादीचा दोरा दोनदा तुटला, बोल्ट वाकला. रबरी पट्टी टिकली.

खर्च: बाद झालेली फळी 400, प्लाय 250, आप्पांची मजुरी 600 (कमी घेतली), तारा 60, निवार 40, नट-बोल्ट 110, दोन फ्लेक्स 700. एकूण 2160. सनमायकाचे तुकडे फर्निचरवाल्याकडून फुकट, रबरी पट्टी भाचीची. बोकडाचा गुडघा हिशेबात धरलेला नाही, त्याची भाजी झाली.

दुसरं मॉडेल करायचं झालं तर: डावा गुडघा करा, कारण लोक समोरून बघतात आणि उजव्याचं बाहेरचं अंग दाखवायला दरवेळी पाट फिरवावा लागतो, आमच्या मंडपात जागा उजवीकडे नव्हती. गादीचा दोरा पतंगाचा नको, चांभाराचा मेणलेला घ्या. आणि जुना फ्लेक्स फेकू नका, मागची बाजू कोरी असते, आमच्या आप्पांनी शेडच्या खिडकीला लावलाय.